मदत हवी आहे: कोरलवर पांढऱ्या बारीक गोगलगाई, कुठलं औषध टाकू? (तातडीचं)

गोंधळी_मासा
रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ). कोरलवर पांढरे किडे फिरताहेत, गोगलगाईसारखे पण शंख नाही. कोरल पांढरं पडत चाललंय. पाणी ठीक आहे. टँकमध्ये काय टाकू ते सांगा, प्लीज लवकर.

चिंबोरी
कुठलं कोरल? टँक किती लिटरचा? किडे किती मिमी? पांढरं कुठून पडतंय, कडेने की बुडातून? "पाणी ठीक आहे" म्हणजे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) किती? आकडे द्या. अल्कलिनिटी एकदम वर-खाली झाली तरी कोरल पांढरं पडतं. अशा वेळी किड्यांवर खापर फोडून उपयोग नाही.

आजोबा_बागवाले
आमच्या अळूवरच्या गोगलगाई मीठ टाकलं की विरघळतात.

चिंबोरी
आजोबा, त्यांचं पाणी आधीच समुद्राइतकं खारट आहे.

निळा_कालवा
आधी हे बघा की ती स्टोमॅटेला जातीची गोगलगाय तर नाही? तिच्या पाठीवर कानाच्या आकाराची चपटी शिंपली असते, पण ती मांसात दडते, म्हणून लोकांना शेंबीच (बिनशंखाची गोगलगाय) वाटते. ती शेवाळ खाते. ठेवा तिला, मारू नका.

गोंधळी_मासा
७५ गॅलन. किडे २-३ मिमी, पाठीवर झालर. कोरल ते ताटासारखं, केशरी. अल्कलिनिटी ८.५, रोज तीच.

चिंबोरी
हे आधी सांगायचं होतं. केशरी ताट म्हणजे मॉन्टिपोरा (मॉन्टी) कोरल आणि झालर म्हणजे मॉन्टी खाणारा न्यूडीब्रांक (न्यूडी), बिनशंखाची समुद्री गोगलगाय. चपटे किडे (फ्लॅटवर्म) झालरीशिवाय कागदासारखे सपाट असतात. ॲक्रोपोरा या दुसऱ्या कोरलवरचे चपटे किडे मॉन्टीच्या वाटेला जात नाहीत.
खात्रीसाठी टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने बॅटरी घेऊन ताटाच्या *खालची* बाजू बघा. न्यूडी दिवसा तिथेच बसतात. पांढरा सांगाडा आणि जिवंत मांस यांच्या सीमेवर ते ओळीने दिसतील. साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या ठिपक्यांचे पुंजके दिसले तर ती अंडी.

सुरमई_फ्राय
एवढं कशाला? फ्लॅटवर्म एक्झिट हे औषध टाका, दोन तासांत सगळं साफ.

चिंबोरी
ते लाल प्लॅनेरिया नावाच्या चपट्या किड्यांसाठी आहे. न्यूडी मृदुकाय प्राणी, कालव-शिंपल्याचे भाऊबंद. त्या डोसने त्यांना काही होत नाही. आणि लाल प्लॅनेरिया असले तरी आधी नळीने ओढून काढायचे, मग औषध, मग ते शोषून घ्यायला कार्बन. एकदम मेले की त्यांचं विष पाण्यात उतरतं आणि मासे जातात.

सुरमई_फ्राय
मग सिक्सलाइन रॅस मासा सोडा. माझ्याकडे कामाला आला होता.

निळा_कालवा
सिक्सलाइन उघड्यावरचे खातो. ताटाखालची अंडी राहतात, आठवड्यात नवी फौज तयार. शिवाय तो टँकमध्ये एकदा मुरला की नंतर आणलेल्या प्रत्येक लहान माशाला छळतो. रॅसच हवा असेल तर पिवळा कोरिस हा रॅस. पण रॅस हा उपाय नव्हे, फार तर मदतनीस.

कायदेपंडित
धागाकर्त्याला कल्पना आहे का की दगडी कोरल भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत? हा धागा इथे चालू द्यावा का?

गोंधळी_मासा
मी न्यू जर्सीत राहतो. दुकानातून घेतलेले तुकडे आहेत, नर्सरीत वाढवलेले.
काल रात्री बघितलं. अंडी आहेत. डिपमध्ये, म्हणजे औषधाच्या पाण्यात कोरल बुडवलं की अंडी मरतात ना?

चिंबोरी
नाही, आणि बहुतेक जण इथेच हरतात. अंड्यांभोवतीच्या चिकट आवरणातून डिप आत जात नाही. म्हणून असं करा:

सगळे मॉन्टी बाहेर काढा, बरे दिसणारेसुद्धा. तीन पसरट भांडी घ्या, तिन्हींत टँकचंच पाणी, २५-२६ अंश. पहिल्यात कोरल-डिप बाटलीवरच्या मापाने. १० मिनिटं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी मोठ्या ड्रॉपरने खालून जोराचा फवारा मारा. डिपने न्यूडी बधिर होतात, पण आपणहून पडत नाहीत. फवारा न मारता डिप केलं तर निम्मे चिकटून परत येतात. मग उरलेल्या दोन भांड्यांत खळबळून घ्या. डिपचं पाणी टँकमध्ये एक थेंबही परत नको.

मग अंडी. जुना टूथब्रश आणि टोकदार दाभण. तुकडा ज्या प्लगवर (बुडाच्या छोट्या बैठकीवर) चिकटवलाय तो प्लग तोडून टाका, खाचांतली अंडी कधीच निघत नाहीत. नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने लावा. भेगेत पोहोचता येत नसेल तर त्यावरच जेलचा थेंब, अंडी आत गाडली जातात.

दर ५-६ दिवसांनी हेच, किमान पाच वेळा. एकदा करून थांबलात तर केलेलं सगळं वाया. मधल्या काळात मॉन्टी वेगळ्या, तळाशी वाळू नसलेल्या टँकमध्ये, दिवा आणि हीटरसह. मुख्य टँक सहा-आठ आठवडे मॉन्टीविना. न्यूडींना खायला दुसरं चालत नाही, उपाशी मरतात.

बोंबील_सुका
इमिडाक्लोप्रिडचं डिप स्वस्त पडतं.

निळा_कालवा
स्वस्त आहे, पण ते कीटकनाशक आहे. खेकडा, कोळंबी, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) पहिले जातात, कोरलच्या फांद्यांत राहणारे उपयोगी खेकडेसुद्धा. हातमोजे घाला, तीन पाण्यांतून धुवा, आणि टँकमध्ये ओतायचा विचारही करू नका. तांब्याच्या औषधाचंही तेच, कोरलसकट बिनकण्याचं सगळं मरेल.

मुंबईकर_ताई
न्यूडी दिसायला किती सुंदर असतात! ओहोटीला हाजी अलीच्या खडकांत दिसतात. मारायलाच हवेत का? आणि ऐप्टेशियावर (टँकमध्ये माजणारं उपद्रवी समुद्रफूल) बर्घिया जातीचे न्यूडी सोडले तर चालतं का?

चिंबोरी
ताई, बर्घिया फक्त ऐप्टेशिया खातो, हा फक्त मॉन्टिपोरा. एकाला पैसे देऊन आणतात, दुसऱ्याला हाकलतात. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.
धागाकर्ते, दगडावर पसरलेलं एखादं मॉन्टी आहे का?

गोंधळी_मासा
हो, मागच्या मोठ्या दगडावर जांभळं, वीतभर. तेही काढायचं? त्याला काही झालेलं नाही.

चिंबोरी
मग साठा तिथेच आहे. दगड बाहेर येत असेल तर दगडासकट डिप. नसेल येत तर छिन्नीने सोलून काढा आणि उरलेल्या कातड्यावर जेल किंवा इपॉक्सी थापा. ते ठेवून बाकी सगळं केलंत तर दोन महिन्यांनी याच धाग्यावर भेटू.

गोंधळी_मासा
दगड निघाला, डिप केला. पांढरे ११ पडले. एक गोष्ट सांगायची राहिली, तुम्ही लिहायच्या आधीच सिक्सलाइन आणला होता. तो आता जुन्या फायरफिशच्या मागे लागलाय. त्याला पकडायचं कसं?

निळा_कालवा
बाटलीचा सापळा. दीड लिटरची बाटली, मानेखाली कापा, मान उलटी आत बसवा, आत गोठवलेली मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य). पंप बंद ठेवा, नाहीतर वास दुसरीकडेच जाईल.