मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू एकच काय?

उद्यमबागवाला:
मी बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपात कामाला आहे, शाळा सगळी मराठी मिडियमात. परवा सायबांना मेसेज टाकलो. काम संपलंय, तुम्ही मुद्दाम यायची गरज नाही असं म्हणायचं होतं, आणि टाकलो काय तर यू मस्ट नॉट कम टुमारो. साहेब फोन करून विचारले, मला गेटवर अडवतोस काय रे? सगळे हसलेत. खरं मला अजून कळेना, मस्ट आणि हॅव टू दोन्ही म्हणजे यायलाच पाहिजे, यावं लागतंय असंच ना, मग नॉट लावल्यावर काय बिघडतंय?

निपाणीच्या बाई:
हसणाऱ्यांना हसू दे, वर्गात निम्मी पोरं हेच लिहितात. मस्ट नॉटमधलं नॉट मस्टला लागत नाही, पुढच्या कमला लागतं. म्हणजे न येण्याचीच सक्ती. डोन्ट हॅव टूमध्ये सक्तीच गेली, यायचं तर या, नाहीतर राहू दे. आपण "येऊ नको" आणि "यायला नको" वेगळं बोलतोच की, त्यात कधी चुकलास काय? नीडन्ट कम म्हटलास तरी चालतं.

खानापूरकर:
मला तर हे कन्नडातनं कळलं बघ. बरबारदु म्हणजे मस्ट नॉट, बरबेकागिल्ल म्हणजे डोन्ट हॅव टू. बाजारात दिवसभर बोलतोय खरं इंग्लिश आलं की डोकं बंद. आणि अजून एक, काल जावं लागलं म्हणायचं असलं तर आय हॅड टू गो, तिथं मस्ट चालत नाही. ही मस्ट हॅव गॉन म्हटलास की तो गेला असणार असा अंदाज होतो, सक्तीबिक्ती काय नाही.

उद्यमबागवाला:
हां, येऊ नको, यायला नको, हे डोक्यात बसलं. मग ही मस्ट गोज का ही मस्ट गो?

निपाणीच्या बाई:
गो. मस्ट, कॅन, शुड यांच्यापुढं एस नाही, टू पण नाही. हॅव टूचं तेवढं ही हॅज टू होतंय.

उद्यमबागवाला:
शनिवारी सुट्टी पाहिजे, कॅन आय लिहू का मे आय?

खानापूरकर:
दोन्ही चालतंय, मे जरा मानाचं. मस्ट तेवढं घालू नको भावा.