रे: सिनेगॉगचं आमंत्रण – मंडळानं जायचं का?

सचिव:
नमस्कार मंडळी,
मागच्या महिन्यात इथल्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतीवर कोणीतरी घाणेरडं लिहून ठेवलं. आता त्यांनी गुरुद्वारा, मशीद, कृष्णवर्णीयांचं चर्च आणि आपल्याला गुरुवारी एकत्र बसायला बोलावलंय. कोण येणार, रविवारपर्यंत कळवा.

काका:
मंडळ गणपती-दिवाळीसाठी आहे. ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं, पण मंडळाचा बॅनर नको. आपला काय संबंध?

जुना सभासद:
काका, बॅनरचं पटलं. पण संबंध आहे. १९२३ साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद या पंजाबहून आलेल्या शीख माणसाला 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्यानं आशियाई लोकांना दार बंद केलं आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंनाही जवळपास तसंच. तेव्हा विरोधात बोलणाऱ्यांत ब्रुकलिनचा नवखा ज्यू खासदार होता, इमॅन्युएल सेलर. १९४६च्या लूस-सेलर कायद्यानं भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. शंभर! आपल्या गणपतीच्या जेवणाची धड एक पंगत नाही. आशियाई लोकांना पुन्हा दार उघडणाऱ्या १९६५च्या हार्ट-सेलर कायद्यात तोच सेलर. तुम्ही १९६९ला उतरलात ते त्याच दारातून. १९६४चा नागरी हक्क कायदाही त्याच्याच समितीतून गेला.
सगळं गोडच होतं असंही नाही. १९६८ला ब्रुकलिनमध्येच शाळांच्या संपावरून कृष्णवर्णीय पालक आणि ज्यू शिक्षक एकमेकांसमोर उभे ठाकले होते.

एक ताई:
मी बेने इस्राएल, कोकणातली मराठी ज्यू, म्हणजे मंडळाचीही आणि त्या सिनेगॉगचीही सभासद. तिथे विचारतात, 'तू खरंच ज्यू?' आणि इथे, '–कर? म्हणजे कोकणस्थ का?' आमच्यासाठी हे 'ते' आणि 'आपण' जरा अवघडच आहे. अलिबागकडे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आमच्या पूर्वजांना गाववाले 'शनिवार तेली' म्हणत. तेवढी ओळख त्यांना पुरायची.
मी गुरुवारी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाच्या नावानं करतात तो मलिदा करणार आहे: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, फळं.

काका:
सेलर ठाऊक नव्हता. येतो. भाषण करणार नाही. घरून साटोऱ्या आणू का?

ताई:
नको काका, बाहेरचं शिजवलेलं त्यांच्या किचनमध्ये चालत नाही. सहा नारळ तिथेच खवायचेत, खवणी नवी कोरी घेतलीय. चारला या.