‘एवढ्यात तर चार जोड येतात’ म्हणणाऱ्यांसाठी

रापीवाल्याचं_पोरगं

परवा इथल्याच एका भावानं पोस्ट टाकली होती. थोडक्यात अशी: रविवारी हस्तकला बाजारात गेलो, साधी कापशी चप्पल (कोल्हापुरीचाच एक प्रकार) २४९९ सांगितली, चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, तीच ६०० ला मिळते, एवढ्यात चार जोड येतात, हँडमेडच्या नावाखाली लूट चाललीय, कोल्हापूरकरांनो जागे व्हा. खाली पन्नास-साठ जण ‘बरोबर बोललास भावा’. मी जागाच होतो, रात्री दोनपर्यंत. म्हणून लिहितोय, लांबेल.

माझे वडील चप्पल करतात, आजोबा करायचे. मी करत नाही, नोकरी करतो. नंतर कुणी उकरून काढायला नको म्हणून आधीच सांगून टाकलं.

राग आहे तो ‘तीच’ या शब्दावर. ६०० वाली हातात घे, तळ वाकवून बघ, वास घे. सोल्युशनचा वास येईल. वर कातडं, मध्ये पुठ्ठा किंवा फोम, पट्टा रेक्झीनचा. एका पावसाळ्यात तळ तोंड उघडतो. बाबांच्या जोडात खिळा नसतो, तळ कातड्याच्या वादीनंच शिवलेला. म्हशीचं कातडं आधी चुन्यात, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात, महिनाभर तरी मुरतं. मग ते भिजवायचं, ठोकायचं, रापीनं कापायचं, तळ, टाच, कान, पट्टा, अंगठा सगळं वेगवेगळं. वेणी आई घालते. तिला मात्र कुणी कारागीर म्हणत नाही, ‘घरच्या मदत करतात’ म्हणतात. ते असू दे, तो वेगळा विषय.

एका जोडाला दोघांचे दोन दिवस. व्यापारी ७०० ला उचलतो, त्यातले ३०० कातड्याचे. उरलेल्या चारशेत दोन माणसं, दोन दिवस. आता सांगा लूट कोण करतंय. पिझ्झ्याला ५०० देताना कुणी म्हणत नाही की एवढ्यात शंभर भाकऱ्या येतात.

पेठेतला_गडी

ती पोस्ट माझी. ‘एका भावानं’ कशाला, सरळ म्हणायचं की.

तुझ्या वडिलांबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता. त्या स्टॉलवर तुझे वडील नव्हतेच. तिथं लिननचे कुर्ते घातलेली दोन पोरं होती, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. म्हटलं, ही शिवली कुणी? म्हणे, ‘आमचे आर्टिझन्स आहेत.’ कुठले? ‘कोल्हापूर बेल्ट.’ आता मी जन्मल्यापासून पेठेत राहतो, मला कमरेचा बेल्ट माहिताय, हा कुठला? कारागिराचं नाव विचारलं तर फोनमध्ये बघायला लागला.

माझं म्हणणं एवढंच. २४९९ मधले तुझ्या बाबांना सातशेच मिळणार असतील, तर माझ्यावर का चिडतोस? त्या कुर्त्यांवर चीड.

हिशेबनीस

किंमत २४९९ का, याचं कारण कुणी बघितलंच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या पादत्राणांना ५ टक्के जीएसटी, त्याहून महाग असली की १८. कलाबिला काही नाही, सगळा आकड्यांचा खेळ. चालू द्या.

रापीवाल्याचं_पोरगं

@पेठेतला_गडी मग पोस्टमध्ये हेच लिहायचं होतं. ‘मधला माणूस मलई खातो’ लिहिलं असतं तर सगळ्यात आधी मी लाईक केलं असतं. तू लिहिलंस ‘चप्पल महाग’. वाचणारा काय करतो? सोमवारी दुकानात जातो आणि म्हणतो, बाजारात बघितलीय, लूट आहे, चारशेला द्या. घासाघीस कुणाशी होते? कुर्त्याशी नाही. जो खाली पोत्यावर बसलेला असतो त्याच्याशी.

आलो_गेलो

त्याच बाजारात मी दोन दिवस स्टॉल लावून बसलो होतो. वाकळा, म्हणजे गोधड्या, घेऊन. भाडं ३५००, वर लाईट आणि दोन खुर्च्यांचे ७००. ‘ग्राहक एकदम क्लासी येणार’ असं सांगितलेलं. शेजारी काय, तर काडीवरचा बटाटा आणि त्याचा स्पीकर. दोन दिवसांत वाकळा गेल्या दोन. एका बाईनं हात लावला, वास घेतला आणि विचारलं, ‘ही जुनी लुगडी धुतलेली आहेत ना?’

पलीकडचा स्टॉल रेझिनच्या किचेनचा. बाटलीतनं ओतायचं, वाळलं की काढायचं, आत एक फूल. तिथं रांग! मी सहा थर धावदोऱ्यानं घालतो, बोटाला भोकं पडलीत, आणि दोघांच्या पाटीवर एकच, ‘हँडमेड’. हाताने ओतलं म्हणून हँडमेड? मग आमच्या गवळ्याचं दूधपण हँडमेड.

रेझिनवाली

ताई/दादा, माझाच स्टॉल होता तो. रेझिनचं माप चुकलं की आख्खा साचा वाया जातो, मास्क लावून काम करावं लागतं, धुरानं डोकं दुखतं. रांग माझ्याकडे लागली हा माझा गुन्हा का? वाकळ ४००० ला आणि किचेन १२० ला, लोक काय घेणार?

मैदानी_गडी

@आलो_गेलो भावा, वाकळा तू स्वतः शिवतोस? पुरुष माणूस धावदोरा घालतो म्हणजे नाद खुळा!

आलो_गेलो

भावा नव्हं, काकी म्हण. पन्नाशी उलटली. कोल्हापुरातली हाय, आलो-गेलोच म्हणणार. बाहेरचा दिसतोस.

मैदानी_गडी

काकी चुकलं 🙏 मी पुण्याचा.

आलो_गेलो

तरीच.

एकच_कोल्हापूर

मुद्द्यावर या. तो ‘कोल्हापूर बेल्ट’ म्हणजे काय ते मी सांगतो: अथणी आणि निपाणीचा माल. ट्रकनं इकडं येतो, इथला शिक्का बसतो आणि कोल्हापुरी म्हणून विकला जातो. निम्मी चप्पल लाईन यावरच चालते. आपल्या नावावर कर्नाटक जगतंय आणि आपला कारागीर उपाशी. कोल्हापुरी म्हणजे कोल्हापुरात बनलेली. संपला विषय.

निपाणकर

संपला कसा? आता तर सुरू झाला.

कोल्हापुरीला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते आठ जिल्ह्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून. म्हणजे कायद्यानं अथणीची चप्पल तुमच्या पेठेतल्या चपलेइतकीच कोल्हापुरी.

आणि ‘कर्नाटक जगतंय’ म्हणजे कोण जगतंय ओ? ‘बेळगाव, कारवार, निपाणी’ अशी घोषणा देताना आम्ही तुमचे. १९५६ पासून आम्ही मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या. चप्पल विकायची वेळ आली की आम्ही कर्नाटकवाले?

एकच_कोल्हापूर

सीमाप्रश्नाला माझा पाठिंबाच आहे, उगाच तो रंग देऊ नका. पण अथणीला मराठी कोण बोलतं सांगा. तिथल्या मालाला अथणी चप्पल म्हणा की. कोण अडवतंय?

निपाणकर

कारागिरानं कुठल्या भाषेत शिव्या दिल्या त्यावरून चप्पल ठरवणार का? माझ्या घराशेजारी ज्या म्हाताऱ्या वेण्या घालतात त्या कन्नड, मराठी दोन्हीत घालून पाडून बोलतात. माल शंभर वर्षं तुमच्याकडेच येतोय, कारण बाजारपेठ तुमच्याकडे. तुमच्या व्यापाऱ्यानं विकला म्हणून नाव तुमचं झालं. हात आमचेही होते.

कागलकर

दोघंही थांबा. कापशी चप्पल सेनापती कापशीच्या नावाची, आणि कापशी आमच्या कागल तालुक्यात. कोल्हापूर शहराचासुद्धा त्यात काय संबंध नाही 😄

एकच_कोल्हापूर

कागल कोल्हापूर जिल्ह्यातच आहे मर्दा. आमचीच झाली ती.

कागलकर

तेच तर. पाहिजे तेव्हा आमचीच आणि नको तेव्हा बाहेरची. निपाणकर हेच म्हणतोय.

निपाणकर

@कागलकर भावा, पुढच्या वेळी निपाणीला आलास की जेवण माझ्याकडं.

युरोवाला

अरे अथणी-कापशी काय करताय, इटलीच्या प्राडानं जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर नेली तेव्हा ‘लेदर सँडल’ एवढंच म्हटलं होतं, ना कोल्हापूर ना कर्नाटक. बोंबाबोंब झाल्यावर मूळ कोल्हापुरीत आहे हे मान्य केलं. आणि डिसेंबरात प्राडानं करार केला तो दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी. २००० जोड, एकाची किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे प्राडाला दोन्ही बाजू दिसल्या, तुम्हाला दिसेनात.

पेठेतला_गडी

८०० युरो म्हणजे ऐंशी हजाराच्या वर. आता मला २४९९ स्वस्त वाटायला लागले. धन्यवाद.

एकच_कोल्हापूर

जीआय आठ जिल्ह्यांना आहे हे मलाही माहीत होतं. मी भावना सांगत होतो. कागदावर बरोबर असाल तुम्ही. कागदावर.

निपाणकर

‘कागदावर’ हे दोनदा लिहिल्याबद्दल आभारी आहे.

भाऊसिंगजी_रोड

एवढ्या कॉमेंटांत एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती मी बोलतो. चांभारानं विकली की ६०० आणि घासाघीस. आर्किटेक्टच्या पोरानं विकली की २४९९ आणि ‘क्राफ्ट’. तीच रापी, तीच आरी. बाजारात जे कारागीर ‘लाईव्ह डेमो’साठी बसवतात ते जमिनीवर, आणि पैसे घेणारा खुर्चीवर. फोटो बघा.

इथंच भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांचं, एका दलित माणसाचं, हॉटेल होतं. शाहू महाराज तिथं मुद्दाम चहाला थांबायचे, सगळ्यांनी बघावं म्हणून. चहा महाग आहे असं म्हणाल्याचं ऐकलं नाही.

पेठेतला_गडी

सगळ्या गोष्टीत जात आणायलाच पाहिजे का? मी घासाघीस भाजीवाल्याशीही करतो, सोनाराशीही करतो.

रापीवाल्याचं_पोरगं

सोनाराशी? सोन्याच्या भावावर? मजुरीवर करत असशील. म्हणजे सोनं जेवढ्याला तेवढ्याला, कापायची ती माणसाच्या हाताची किंमत. कळलं का मी काय म्हणतोय?

आणि जात आणली नाही, होतीच. दहावीत असताना मित्राच्या घरी गेलतो. त्याच्या आजीनं आडनाव विचारलं, मग बाबा काय करतात विचारलं, मग पाणी दिलं ते स्टीलच्या वेगळ्या पेल्यात. तीच आजी गुडघे दुखतात म्हणून बाबांच्याच हातची चप्पल घालायची. हे तुला टोचायला लिहीत नाही. मी या धंद्यात का नाही, त्याचं अर्धं उत्तर पैसा आणि अर्धं हे.

पेठेतला_गडी

यावर काय बोलणार.

गाडी_कुठं_लावू

त्या बाजाराला पार्किंग नव्हतं हे कुणीच बोलत नाही. दोनशे रुपये दंड भरला मी. रेझिन असो वाकळ असो, आधी गाडी लावायला जागा द्या.

आलो_गेलो

आली गाडी. बस की दादा रिक्षानं.

रेझिनवाली

@आलो_गेलो काकी, एक विचारू? माझ्या आईची आठ-दहा लुगडी पडून आहेत. आई गेली दोन वर्षांपूर्वी. शिवून द्याल का?

आलो_गेलो

देतो की. धुऊन आण तेवढी 😄 सोलापुरी असली तर आतल्या थराला घालू, जाड असतात. काठ असतील तर फाडू नको, कडेला लावता येतात. आणि तुझ्या किचेनमध्ये फूल घालतेस ते ठीक, माझ्या नातवाचा पहिला दात घालून देशील का? विचारून ठेवलं.

हिशेबनीस

आता क्यूआर कोड आलेत चपलेला. फोन लावला की कुणी केली, कुठं केली कळतं म्हणे. कुर्तेवाल्यांना नाव सांगायची कटकट नाही.

रापीवाल्याचं_पोरगं

बाबांना दाखवला तो कोड. म्हणाले, चप्पल वाचायची कधीपासून झाली.

पण असू दे, नाव तर लागेल. आईचं लागेल का ते बघायचंय.

पेठेतला_गडी

पोस्टमध्ये बदल केलाय. ‘चप्पल लूट’ काढून ‘स्टॉलवाले लूट’ केलंय. ‘तीच’ शब्द काढलेला नाही, कारण मला अजून फरक दाखवलेला नाही कुणी. पत्ता टाक. नऊ नंबर, पाय रुंद, उजवा अंगठा जरा बाहेर आहे.

आणि भाव करणार हां मी. सवय आहे.

रापीवाल्याचं_पोरगं

मेसेज केलाय. पाय घेऊन ये, नंबर नको, बाबा कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवतात. भाव खुशाल कर. तेवढ्यापुरतं त्यांना कमी ऐकू येतं.