सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या नियमावलीतलं कलम ४: पोस्ट काढायची कधी आणि कशी

सचिव: नमस्कार. मसुद्यातलं कलम ४ असं आहे: "आक्षेपार्ह पोस्ट ॲडमिन काढून टाकतील. ॲडमिनचा निर्णय अंतिम राहील." हरकती इथेच मांडा.

बी-४०२: सचिव साहेब, दोन्ही वाक्यांना हरकत. "आक्षेपार्ह"मध्ये शिवीगाळही बसते आणि हिशोबावरचा खोचक प्रश्नही. काय काढणार ते नाव घेऊन लिहा: शिवी, धमकी, कुणाचा नंबर किंवा कागदपत्रं त्याला न विचारता टाकणं, फसवणुकीच्या लिंक, तीच ती जाहिरात. आणि कमिटीवर टीका केली म्हणून पोस्ट काढली जाणार नाही, ही ओळ हवीच.

ए-३०१: मान्य. पण अफवा?

बी-४०२: ताई, त्याच मेसेजला रिप्लाय करून दुरुस्ती द्यायची. मेसेज उडवला तर ज्यांनी आधीच वाचलाय, त्यांना तो खोटा होता हे कळतच नाही. औषधाचा चुकीचा डोस किंवा जमाव भडकवणारा फॉरवर्ड असेल तर मात्र थांबायचं नाही, काढायचा.

सी-१०४: तांत्रिक अडचण सांगतो. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने मेसेज काढला की कोणी काढला ते दिसतं, का काढला ते नाही. शिवाय नंतर तो ॲडमिनलाही वाचता येत नाही. मग फेरविचार करणार कशावर? म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट, आणि लगेच पाठवणाऱ्याला नियम क्रमांकासह मेसेज. टेलिग्रामवर नोंद आपोआप राहते, पण ती फक्त ॲडमिनना दिसते, तीही ४८ तासच. आपली वेगळी शीट लागेलच.

सचिव: कुणाचा नंबर उघड झाला असेल तर शीटमुळे तो आणखी पसरेल.

सी-१०४: शीटमध्ये मूळ मजकूर नकोच. तारीख, कोणी काढली, कोणता नियम, एका ओळीत कारण, अपिलाचा निकाल, बस्स. स्क्रीनशॉट फक्त अपील ऐकणाऱ्याकडे, मुदत संपली की डिलीट. विकिपीडियावरही पानं काढल्याची नोंद कारणासकट सगळ्यांना खुली असते, काढलेला मजकूर नसतो.

बी-४०२: आता "अंतिम". नागरी हक्क संस्था आणि अभ्यासकांनी मांडलेल्या २०१८च्या सँटा क्लारा तत्त्वांत सोशल मीडिया कंपन्यांकडून तीन गोष्टी मागितल्या होत्या: किती पोस्ट काढल्या त्याचे आकडे, ज्याची काढली त्याला सूचना आणि अपिलाची सोय. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्येही (ऑनलाइन सेवांसाठीचा कायदा) पोस्ट काढल्याचं कारण कळवणं बंधनकारक आहे. आपल्याला एवढं पुरे: ज्याने पोस्ट काढली, त्याने अपील ऐकायचं नाही.

ए-३०१: आणखी एक. व्हॉट्सॲपवर एकाच सदस्याला गप्प करता येत नाही. त्याला ग्रुपमधून काढा, नाहीतर "फक्त ॲडमिन" करून सगळ्यांची तोंडं बंद करा. दोघांच्या भांडणात इतरांचं बोलणं बंद करणं मला अजिबात पटत नाही. करावंच लागलं तर पुन्हा कधी सुरू होणार ती वेळ आधी जाहीर करा, जास्तीत जास्त १२ तास.

सचिव: घेतो. बी-४०२ यांनी सांगितलेले पाच प्रकार म्हणजे नियम १ ते ५. नवं कलम ४: "नियम १ ते ५ मोडणारी पोस्ट किंवा घातक अफवाच काढली जाईल. कारण पाठवणाऱ्याला त्याच दिवशी कळवलं जाईल. ७ दिवसांत अपील करता येईल, ते दुसरी व्यक्ती ऐकेल. पोस्ट परत ठेवायची ठरली तर ॲडमिन तसं ग्रुपवर लिहील." मेसेज जास्तीत जास्त ३० दिवसच पिन राहतो, म्हणून हे ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकतो. सध्याचे दोन्ही ॲडमिन कमिटीतलेच आहेत. अपील ऐकायला कमिटीबाहेरचं कोण तयार आहे? रविवारपर्यंत नावं द्या.