एमएच-१३ चं लायसन्स घेऊन जर्मनीला चाललेय, तिथे गाडी चालवता येईल का?

बार्शीची_लेक

नमस्कार मंडळी. राहणार जुळे सोलापूर, माहेर बार्शी. नवरा फेब्रुवारीपासून मानहाइमला आहे. लेक चौथीत, तिची परीक्षा झाली की मे महिन्यात आम्ही दोघी निघणार. व्हिसा आला, शेंगा चटणी कुटून झाली, सासूबाईंनी कडक भाकऱ्यांचा डबाही भरून ठेवला. अडलंय ते माझ्या लायसन्सवर.

आमच्या घरात गाडी मीच चालवते. नवऱ्याकडे लायसन्सच नाही, त्याला स्कूटीच्या पुढे काही जमलं नाही आणि त्याचं त्याला दुःखही नाही. मी २०१३ ला लायसन्स काढलं. वडील बार्शीहून पहाटे यायचे आणि होम मैदानावर मला गाडी फिरवायला लावायचे. गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे लागले की आमचा क्लास बंद. त्यानंतर वॅगनआर अकरा वर्षं चालवलीय. सात रस्त्याला संध्याकाळी सहा वाजता चालवलीय, यापुढे काही सांगायला नको.

आता घोळ असा झालाय. विजापूर रोडला आरटीओबाहेर एका एजंटाला विचारलं तर म्हणाला, "ताई, इंटरनॅशनल लायसन्स काढून देतो, पाच वर्षं जगात कुठेही चालवा." नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणतो सहा महिने. इंग्लंडात लेस्टरला असलेला माझा मावसभाऊ म्हणतो एक वर्ष, आणि तो कुठलीही गोष्ट छातीठोक सांगतो. तिघांत खरं कोण?

दुसरं. लायसन्सवर माझं माहेरचं नाव आहे. पासपोर्टवर सासरचं. इथे कधी कुणी विचारलं नाही, पोलिसाने अडवलं तरी फोटो बघून सोडतात. तिथे चालेल का?

आणि तिसरं, समजा परीक्षा द्यावी लागलीच, तर तोवर एल बोर्ड लावून शेजारी कुणी ओळखीचं बसवून सराव करता येतो का? आपल्याकडे करतात तसा.

---

कडकभाकरी

ताई, तुमच्या तिघांत ऑफिसवाला बरोबर आहे. मी सात वर्षं कार्ल्सरूहेला आहे, मूळचा साखर पेठेतला. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा जर्मन लायसन्स मिळवलंय, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

एजंट जे म्हणतो ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते लायसन्स नाहीच मुळी, तुमच्या लायसन्सचं अनेक भाषांतलं भाषांतर आहे. मूळ कार्ड बरोबर नसेल तर ते परमिट नुसती रद्दी. आपल्याकडे त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, सरकारी फी हजार रुपये, अर्ज तुमचा तुम्हाला ऑनलाइन करता येतो. पाच वर्षं म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. काढा मात्र नक्की, कारण सुरुवातीला भाड्याची गाडी घेताना आणि पोलिसाने हात केला तर तेच पुढे करता येतं.

आता मुद्दा. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने तुमचं भारतीय लायसन्स चालतं. मग परमिटवर अजून मुदत शिल्लक असली तरी उपयोग नाही. तिथे गेल्यावर पत्ता नोंदवावा लागतो, ती तारीख कागदावर येते आणि पुढे सगळे तीच बघतात. मेमध्ये गेलात तर नोव्हेंबरात खेळ खलास. मधे दिवाळीला सोलापूरला येऊन गेलात तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. माझ्या एका मित्राचा असा समज होता, तो त्याला वकिलाने काढून दिला. वर्षाच्या आत कायमचं परत येणार हे दाखवता येत असेल तर मुदत वाढवून मागता येते, पण लेकीला तिथल्या शाळेत घालणाऱ्याला ते कसं लागू व्हावं?

सातव्या महिन्यात चालवलीत तर ती साधी पावती नाही हो. विनापरवाना गाडी चालवणं तिथे फौजदारी गुन्हा आहे. दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, असं कायद्यात लिहिलंय. वर अपघात झाला तर विमा कंपनी दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला येते.

काही देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय जर्मन करून मिळतं. त्या यादीत भारत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही द्यायच्या. दिलासा एवढाच की आपल्याकडे आधीचं लायसन्स असल्याने ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास लागत नाहीत. पण परीक्षेला गाडी स्कूलची आणि शेजारी स्कूलचा मास्तर लागतोच, त्यामुळे स्कूलचं दार टळत नाही. आणि शहाणा माणूस पाच-दहा तास घेतोच. मी घेतले नाहीत.

एल बोर्डाचं उत्तर: नाही. तिथे तो प्रकारच नाही. सहा महिने संपले की सराव फक्त स्कूलच्या गाडीत, दोन्हीकडे पेडल असलेल्या, तासाचे पैसे मोजून. म्हणून हे सहा महिने हाच तुमचा फुकटचा सराव. पहिल्याच महिन्यात फ्यूररशाइनष्टेलेत अर्ज टाका, म्हणजे तिथल्या लायसन्सच्या कचेरीत. डोळ्यांची तपासणी, नऊ तासिकांचा प्रथमोपचाराचा वर्ग, फोटो, पासपोर्ट, लायसन्स आणि त्याचं भाषांतर. अर्ज मंजूर होऊन यायला वेळ जातो, आणि तो वेळ तुमच्या सहा महिन्यांतूनच जातो.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. तीस प्रश्न, चुकांचे दहा गुण झाले तरी चालतं, अकरावा झाला की घरी. पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर दहाच होऊनही नापास. हे पाच गुणांचे प्रश्न बहुतेक आधी कुणी जायचं यावर असतात, म्हणजे नेमके आपण ज्यात कच्चे. प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्येच होते. "पुढच्या चौकात डावीकडे वळा", "जमेल तिथे गाडी लावा" एवढं कळलं की भागतं, त्यापुढचं गप्पांचं आहे.

माझं पहिलं नापास होणं सांगतो. तीसच्या वेगाचा मोहल्ला, बोर्ड नाही, सिग्नल नाही, रिकामा रस्ता. मी सरळ निघून गेलो. मास्तरने ब्रेक मारला. उजवीकडच्या गल्लीतून एक बाई येत होती, सावकाश. जिथे काही बोर्ड नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, रेष्ट्स फोर लिंक्स म्हणतात त्याला. मला तो नियम पाठ होता, लेखीत त्याचे पूर्ण मार्क होते! पण आपण रुंद रस्त्यावर आहोत, गल्लीतलं वाहन थांबेल, हे माझ्या हाडात मुरलेलं. सोलापुरात वीस वर्षं ते थांबलंच होतं. वीस मिनिटांत परीक्षा संपली.

दुसऱ्यांदा उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे बघितलं नाही. आरशात बघितलं होतं. परीक्षक म्हणाला, आरशात सायकलवाला दिसत नाही. मागे कुणी सायकलवाला नव्हताही. तरी नापास. तेव्हा फार राग आला होता. आता दर वळणाला मान वळते आणि सोलापुरात आलो की मेव्हणा विचारतो, मानेला काय झालं?

नावाचं काम मात्र इथेच उरका. माझ्या बायकोचं हेच झालं, लग्नाचा दाखला, त्याचं अधिकृत भाषांतर, पुन्हा अपॉइंटमेंट. परिवहन खात्याच्या सारथी साइटवर लायसन्सवरचं नाव बदलायचा अर्ज आहे. आधी नाव बदला, नवं कार्ड हातात येऊ द्या, मग परमिट काढा. उलट केलंत तर परमिटवरही माहेरचंच नाव येईल.

---

लेस्टरवाला

मी तो मावसभाऊ नाही, आधीच सांगतो. पण तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या देशाचं सांगतोय. ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्स चालतं. पुढे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून परीक्षा. इथेही भारताचं लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही.

आमचं जरा बरं आहे. गाडी डावीकडूनच, लेखी पन्नासातले त्रेचाळीस प्रश्न बरोबर आले की झालं (वर धोका ओळखायच्या क्लिप असतात, त्या चिडवतात), आणि वर्ष उलटलं तरी लाल एल लावून शेजारी तीन वर्षं जुनं लायसन्स असलेला, एकविशीच्या वरचा माणूस बसवून सराव करता येतो. माझ्या शेजारी माझी बायको बसायची. संसार टिकला, पण थोडक्यात.

---

बार्शीची_लेक

कडकभाकरी दादा, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही, आभार. नाव बदलायचा अर्ज काल रात्री भरला. लग्नाचा दाखला शोधायला कपाट उपसलं तर त्यात वडिलांची होम मैदानावर काढलेली वही सापडली. क्लच सोडताना गाडी किती वेळा बंद पडली त्याचा रोजचा हिशोब. पहिल्या दिवशी एकोणीस.

अजून दोन शंका. परीक्षा पास झाल्यावर आपल्या लायसन्सचं काय होतं? आणि ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर सोपं पडेल का? उजवीकडून चालवायचं आणि गियर उजव्या हाताने टाकायचा, या विचारानेच हात गोंधळतात.

---

कडकभाकरी

जर्मन कार्ड देताना भारतीय कार्ड ते ठेवून घेतात. माझं तसंच गेलं. म्हणून निघायच्या आधी डिजिलॉकरमध्ये लायसन्स उतरवून घ्या. सुट्टीला आल्यावर सोलापुरात गाडी चालवायची झाली तर तेच दाखवायचं, ते कायद्याने मूळ कार्डाइतकंच धरतात.

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर कार्डावर ७८ हा आकडा पडतो, म्हणजे पुढे फक्त ऑटोमॅटिकच चालवायची. नंतर स्कूलकडून गियरच्या गाडीचे तास घेऊन तो काढायची सोय आहे. माझं मत विचाराल तर तुम्ही गियरवरच द्या. अकरा वर्षं डाव्या हाताने टाकलाय, उजव्याने आठ दिवसांत जमेल. पहिले दोन दिवस गियरच्या जागी दाराची काच खाली करत होतो, एवढंच.

---

लालडबा

ताई, मी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. सोलापूर-अक्कलकोट, सोलापूर-तुळजापूर, शेवटी पुणे. परदेशाचं मला काही कळत नाही, पण मुलाकडे मस्कतला दोन महिने राहून आलो. मागच्या सीटवर बसून एक गोष्ट बघितली. दोन महिन्यांत हॉर्न चार वेळा ऐकला. मुलगा म्हणाला, बाबा, इथे हॉर्न म्हणजे शिवी. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "आलो बरं का". आम्ही तर डेपोत हॉर्न बघून मगच गाडी बाहेर काढायचो.

नियम तुम्ही पाठ कराल, शिकलेल्या आहात. पण अंगठा आपोआप हॉर्नवर जातो, तो कसा आवरणार? इथे असतानाच सवय मोडा. जुळे सोलापूर ते सात रस्ता हॉर्न न वाजवता जाऊन बघा. जमलं तर जर्मनीत कुणीही पास करील.

---

कडकभाकरी

काका, एक नंबर बोललात. माझ्या मास्तरने पहिल्या तासाला विचारलं होतं, हात सारखा मधे का ठेवतोस, तिथे काय आहे?

---

बार्शीची_लेक

आठ दिवसांनी लिहितेय. नावाच्या अर्जासाठी आरटीओला जाऊन आले, कागद जमा झाले, कार्ड पोस्टाने येणार. ते आलं की परमिट. तो एजंट पुन्हा भेटला, म्हणाला ताई पाच नाही तर तीन वर्षांचं तरी करून देतो.

काकांचं ऐकून मंगळवारपासून बिनहॉर्न प्रयोग सुरू केलाय. पहिल्या दिवशी घरापासून आसरा चौकापर्यंतच अकरा वेळा वाजला, कधी वाजला ते मला कळलंसुद्धा नाही, लेक मागे बसून मोजत होती. आता तिने वही केलीय, आजोबांसारखी. बुधवारी सात. गुरुवारी चार, त्यात एक रिक्षावाला उलट्या दिशेने आला होता. खांद्यावरून मागे बघायचंही चालू केलंय, तर एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन म्हणाला, "काय मॅडम, ओळखलं नाही की."

आज फक्त एक. पण सात रस्त्याच्या अलीकडे म्हैस रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि मागे सिटी बस. लेक म्हणते एक म्हणजे एक, वहीत लागणार.

---

लालडबा

म्हशीचा धरू नका. डेपोतसुद्धा धरत नव्हते.