ब्राउझरमध्ये चालणारा जावा ॲपलेट स्वतंत्र प्रोग्राम म्हणून कसा चालवावा?

प्रश्न (रावेर)

नमस्कार मंडळी. केळीच्या बागेला ठिबकने किती वेळ पाणी सोडावे, याचा हिशेब करणारा एक छोटा जावा ॲपलेट, म्हणजे वेबपानात बसून चालणारा प्रोग्राम, मी २०१० च्या सुमारास लिहिला होता. दीड बाय दीड मीटरवर लागवड असली की एकरी सुमारे १,८०० झाडे बसतात आणि झाडामागे ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला तासाला १४,४०० लिटर पाणी लागते. मोटार तेवढे पाणी उपसत नसेल तर बागेचे किती भाग पाडावेत आणि विजेच्या पाळीत ते कसे बसवावेत, हे तो चित्रासह दाखवतो.

क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ॲपलेट चालवणाऱ्या जावा प्लगइनचा आधार काढून घेतल्यावरही मी एका जुन्या संगणकावर जुना ब्राउझर राखून काम भागवत आलो. गेल्या महिन्यात त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. मूळ जावा फाइल पेन ड्राइव्हवर होती म्हणून वाचली, पण ज्या एचटीएमएल पानात ॲपलेट बसवला होता ते पान गेले.

मी मेन मेथड (प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग) लिहून जेफ्रेम ही जावाची खिडकी उघडली, तीत ॲपलेट टाकला आणि त्याची तयारी करणारे इनिट बोलावले, तर पानातल्या किमती वाचणाऱ्या गेट-पॅरामीटरच्या ओळीवर नल-पॉइंटरची (नल म्हणजे रिकामी वस्तू) चूक येते. ती ओळ काढली की खिडकी उघडते, पण आत नुसता राखाडी रंग दिसतो. आता सगळे नव्याने लिहावे लागेल का?

उत्तर (भुसावळ)

दादा, नव्याने लिहू नका; हिशेबाच्या आणि चित्राच्या कोडला हात लावण्याची गरज नाही. ॲपलेटला मेन मेथड नसते, कारण खिडकी, तिची लांबी-रुंदी, पॅरामीटरच्या किमती आणि इनिट, स्टार्ट, स्टॉप, डिस्ट्रॉय यांची हाक हे सारे ब्राउझर पुरवत असे. ब्राउझर गेला, तेव्हा एवढेच आपल्याला पुरवायचे आहे. गेट-पॅरामीटर आतून ॲपलेट-स्टब नावाच्या वस्तूला किंमत विचारतो, ती वस्तू ब्राउझर देत असे, म्हणून आपल्याकडे ती रिकामी निघते आणि चूक येते. ॲपलेटचा पत्ता देणाऱ्या गेट-कोडबेसचेही तसेच होईल, तेव्हा चित्रे त्यावरून उघडत असाल तर ती जारमध्ये (प्रोग्रामच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) ठेवून गेट-रिसोर्सने वाचा. राखाडी खिडकीचे कारण बहुधा असे की चित्र काढणारा थ्रेड (समांतर चालणारे काम) स्टार्टमध्ये सुरू होतो आणि तुम्ही फक्त इनिट बोलावले.

माझा सल्ला असा की ॲपलेटचे नाव काढून तो वर्ग जेपॅनलवरून (खिडकीत बसणाऱ्या फलकाच्या वर्गावरून) घ्यावा, इनिटमधला मजकूर कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू तयार होताना चालणाऱ्या भागात) न्यावा आणि पानातली लांबी-रुंदी सेट-प्रेफर्ड-साइझने द्यावी. ॲपलेट तसाच जेफ्रेममध्ये ठेवून जुन्या जावावर काम होईलही, परंतु जावा १७ मध्ये ॲपलेटचे वर्ग काढून टाकण्यासाठी खुणावले गेले आणि जावा २६ मधून ते काढूनही टाकले, त्यामुळे त्यांच्यावर नवे घर बांधू नये. एक गोष्ट जपा: पडद्याआडची प्रतिमा क्रिएट-इमेजने तयार करत असाल, तर खिडकी दिसण्याआधी ती नल मिळते. जेपॅनल स्वतःच दुहेरी बफर वापरतो, म्हणजे चित्र आधी पडद्याआड काढून मग दाखवतो, म्हणून तो भाग सरळ काढून टाकता येईल.

हरवलेल्या पानाची फार काळजी करू नका. कोडमध्ये प्रत्येक गेट-पॅरामीटरच्या कंसात पॅरामीटरचे नाव लिहिलेले असते. ती नावे गोळा करून किमती एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये (नाव आणि किंमत यांच्या साध्या यादीत) ठेवा.

उत्तर (धुळे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. भर इतकीच की जावा १६ पासून जेपॅकेज हे साधन जेडीकेमध्ये (जावाच्या विकास-साधनांच्या संचात) कायमचे आले आहे आणि ते जावासकट प्रोग्राम बांधून देते, त्यामुळे शेतकऱ्याच्या संगणकावर वेगळा जावा बसवावा लागत नाही. विंडोजसाठीचे पॅकेज विंडोजवरच बांधावे लागते. इन्स्टॉलर हवा असेल तर विक्स हे साधन आधी बसवावे लागते. नुसता ॲप-इमेज फोल्डर पेन ड्राइव्हवर द्यायचा असेल तर त्याची गरज नाही. आणि फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) असल्यास, जावा १८ च्या आधीच्या आवृत्तीवर कंपाइल करताना एन्कोडिंग स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोजवर मराठी लेबले बिघडतील.

प्रश्नकर्ता (रावेर)

दोघांचेही मनापासून आभार. कोडमध्ये सात पॅरामीटर सापडले. सहांच्या किमती मला तोंडपाठ होत्या आणि सातवी, म्हणजे लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळीची) कमाल लांबी, शेजारच्या बागेत टेप धरून मोजून आणली. पहिल्या वेळी ‘झाडांची संख्या’ या लेबलाच्या जागी खरोखरच अगम्य चिन्हे आली होती, ती एन्कोडिंग सांगितल्यावर गेली. ब्राउझरच्या बंधनामुळे पूर्वी हिशेब फाइलमध्ये साठवता येत नव्हता, तो आता प्रत्येक शेताच्या नावाने साठवला जातो. खिडकी मोठी केली की चित्र मात्र डाव्या कोपऱ्यातच राहते. चित्र काढणाऱ्या पेंट-कम्पोनंटमध्ये ७०० आणि ५०० हे आकडे मी थेट लिहून ठेवले होते, ते आज रात्री गेट-विड्थ आणि गेट-हाइटने बदलतो.