पाणी उकळायला लागलं तरी बर्नर चालूच असतो, मग तापमान 100 वरच का अडकतं?

कुतूहल
नमस्कार. शाळेत अप्रकट उष्मा (अवस्था बदलताना तापमान न वाढवता शोषली जाणारी उष्णता) शिकवून झालाय, व्याख्या तोंडपाठ आहे, गणितंही सुटतात, पण आतून पटत नाहीये. तापमान म्हणजे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप, आणि उष्णता दिली की कण जोरात हलतात, इथपर्यंत ठीक. मग पाणी उकळतंय, खाली बर्नर चालूच आहे, उष्णता सतत आत जातेय, तरी थर्मामीटर 100 वर का थांबतो? कण आणखी जोरात का हलत नाहीत? "ती ऊर्जा अवस्थांतरासाठी वापरली जाते" हे उत्तर प्लीज नको, ते मला येतं, वापरली जाते म्हणजे नक्की काय होतं ते सांगा. आणि दुसरं म्हणजे वाफ व्हायला 100 अंश लागतात तर फरशीवर सांडलेलं पाणी 25 अंशालाच कसं काय वाळून जातं?

कणकण
मस्त प्रश्न. हे बघ, कणांकडे दोन प्रकारची ऊर्जा असते आणि पुस्तकं बहुतेक वेळा एकाच प्रकारावर जोर देतात. एक हालचालीची, म्हणजे गतिज, थर्मामीटर फक्त हिच्याशीच बोलतो. दुसरी स्थितिज, जी कण एकमेकांपासून किती लांब आहेत यावर ठरते. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, हायड्रोजन बंध वगैरे ऐकलं असशील. त्यांना सोडवून लांब न्यायचं तर त्या ओढीच्या विरुद्ध काम करावं लागतं, जसं चेंडू उचलून माळ्यावर ठेवताना आपण ऊर्जा घालतो पण वर ठेवलेला चेंडू काही धावत नसतो, ती ऊर्जा त्याच्या जागेत जमा झालेली असते. बर्नरची उष्णता अशीच कणांमधल्या अंतरात जमा होते, वेगात नाही.

किती ते बघ म्हणजे कळेल. 1 ग्रॅम पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत न्यायला साधारण 418 ज्यूल लागतात. त्याच 1 ग्रॅमची 100 अंशांवरच वाफ करायला 2257 ज्यूल! पाचपटीहून जास्त, आणि तापमानात एका अंशाचाही फरक नाही. यातले साधारण 170 ज्यूल वाफेला जागा करून देण्यात जातात, कारण वाफ पाण्याच्या सुमारे 1670 पट जागा घेते आणि तेवढी हवा बाजूला ढकलावी लागते, बाकी सगळे रेणू सोडवण्यात.

आणि मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते हे की 100 अंशाच्या पाण्यातला रेणू आणि 100 अंशाच्या वाफेतला रेणू, दोघांचा वेग सरासरी सारखाच असतो, सेकंदाला 700 मीटरच्या आसपास. वाफेतले रेणू जास्त जोरात पळतात असं सगळ्यांच्या डोक्यात असतं, तसं नाहीये. पाण्यातला रेणूही तेवढ्याच वेगाने हलतो फक्त त्याला शेजारी इतके चिकटून असतात की क्षणात धडक बसून दिशा बदलते. वाफेचा चटका वाईट का बसतो त्याचंही कारण हेच, वाफ त्वचेवर पाणी होताना ते 2257 ज्यूल तिथेच सोडून देते.

धीमी_आच
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. "सरासरी" या शब्दाकडे नीट बघ. 25 अंशाच्या पाण्यात सगळे रेणू एकाच वेगाने हलत नाहीत, काही अगदी मंद, बरेचसे मधले, आणि थोडेसे खूपच वेगवान. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1860 मध्ये वायूंसाठी या वाटणीचं गणितच मांडलं. आता पृष्ठभागावर एखादा वेगवान रेणू बाहेरच्या दिशेने निघाला तर तो शेजाऱ्यांची ओढ तोडून सुटतो, त्यासाठी अख्खं पाणी 100 अंशाला असायची गरजच नाही. वेगवान निघून गेले की मागे उरलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणून घाम वाळताना गार वाटतं. मग भोवतालची उष्णता आत येते, पुन्हा काही रेणू वेगवान होतात, ते सुटतात, असं चालू राहतं.

उकळणं वेगळं. तिथे पाण्याच्या आत, मध्येच, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो टिकायचा तर आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाएवढा तरी हवा, नाहीतर तो चिरडला जातो. नेहमीच्या हवेच्या दाबाला ही बरोबरी 100 अंशाला होते, बस्स, 100 मध्ये बाकी काही जादू नाही. व्हॅक्युम पंप लावून बरणीतला दाब साधारण तिसाव्या हिश्श्यावर आणला की 25 अंशाचं पाणी खदखदा उकळतं, आणि हात लावला तर गार!

कुतूहल
दोघांचेही आभार, अंतरात जमा होते हे एकदम पटलं. पण मग एक अडलं. बर्नर मोठा केला तर थोडी ऊर्जा वेगात आणि थोडी अंतरात अशी वाटणी का होत नाही? सगळीच्या सगळी अंतरातच जायचं हे कोण ठरवतं?

शून्य_केल्व्हिन
कोणी ठरवत नाही, ते आपोआप जुळतं. पाणी 100 च्या जरा वर गेलं की बुडबुड्यातला दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो, बुडबुडे भराभर फुगतात, जास्त रेणू सुटतात आणि जाताना ऊर्जा घेऊन जातात, म्हणून तापमान परत खाली येतं. बर्नर मोठा केलास तर पाणी जास्त गरम होत नाही, जास्त वेगाने आटतं. हे जुळवून घेणं बुडबुड्यांवर अवलंबून आहे याचा पुरावा म्हणजे गुळगुळीत कपात मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं पाणी. बुडबुडा सुरू व्हायला एखादा ओरखडा, हवेचा कण काहीतरी लागतं, ते नसेल तर पाणी न उकळता 100 च्या बरंच वर जातं आणि नुसता चमचा घातला तरी एकदम उसळून अंगावर येतं. हा प्रयोग मुद्दाम करू नकोस, डोळ्यांना इजा होऊ शकते.

कणकण
करायचाच असेल तर बर्फाचा कर. 0 अंशाचा 100 ग्रॅम बर्फ घे, त्यात 80 अंशाचं 100 ग्रॅम पाणी ओत. सरासरी काढून 40 उत्तर येईल असं वाटतं ना? येतं जवळजवळ 0. 1 ग्रॅम बर्फ वितळायला 334 ज्यूल लागतात आणि 1 ग्रॅम पाणी 80 वरून 0 ला येताना बरोबर तेवढेच सोडतं. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ग्लासगोमध्ये 1760 च्या दशकात हाच हिशोब मांडला होता, त्याचं म्हणणं होतं की बर्फाला वितळायला एवढी उष्णता लागत नसती तर हिवाळा संपताच साठलेला सगळा बर्फ एकदम पाणी होऊन पूर आले असते. भांडं थर्माकोलचं घे, बर्फ आधी कापडाने टिपून घे कारण त्यावरचं पाणीही वजनात मोजलं जातं, आणि सतत ढवळत राहा, नाहीतर थर्मामीटर बर्फापासून लांब असला की 3-4 अंश दाखवत बसतो. थोडं तरी वर येईलच कारण भांडं आणि हवाही उष्णता देतात. आकडे आले की इथे टाक.